मधला पंखा बंद होता

रविवार, २२ फेब्रुवारी. तुझं कंप्युटरचं मशीन पुसायला घेतलं आहे. उद्या सकाळी सुहास ते न्यायला येणार आहे. घराबाहेर जाणारी वस्तू स्वच्छ करून द्यायची ही माझी सवय, आणि तू त्यावर हसायचीस. "वहिनी, तू रद्दीवाल्याला देतानासुद्धा पेपरांच्या घड्या घालतेस." घालते. घडी असली की गठ्ठा बांधायला सोपा जातो. त्यात हसण्यासारखं काय, ते तू मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

येत्या बुधवारी तुला जाऊन तीन आठवडे होतील. दुपारी बँकेत डोकं धरून बसलीस, आणि तुझा भाऊ श्रीधर आणि मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आधी काही लक्षण नव्हतं का, असं प्रत्येक जण विचारतो. नव्हतं. असतं तर मी तुला मुलुंडभर ओढत नेऊन तपासून आणलं असतं, हे विचारणाऱ्यांना कळत नाही. तू किती शिकलीस, बँकेत कशी वर चढलीस, लग्न का केलं नाहीस, हे सगळं तेराव्याला लोकांनी एकमेकांना सांगून झालं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुझ्याशी मधल्या पंख्याबद्दल बोलायचं आहे.

पण आधी सुहासचं ऐक. तेराव्याला पंगत उठल्यावर तुझा हा आतेभाऊ तुझ्या खोलीत गेला, मशीन चालू केलं, खुर्चीत गोल फिरला आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "पहिल्यांदा बिल्ड करणाऱ्यांचं असंच होतं. उज्ज्वलाताईने ओव्हरक्लॉक करायला जाऊन वाट लावली मशीनची. मला तिने जानेवारीत फोनवर सांगितलं होतं, तापतंय म्हणून. मी नेतो, सुटे करून पार्ट विकून टाकतो." श्रीधर म्हणाला, ने. त्याला ती वस्तू डोळ्यांसमोर नको आहे. तुझ्या खोलीत तो अजून गेलेला नाही. आई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मी पूजा केली होती त्याची. लाभलं नाही. माझ्या हातचं काही लाभत नाही बहुतेक." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "सुहास, खोकी आणशील ना? आमच्याकडची मी दिवाळीत टाकली."

म्हणजे मीही मान्यच केलं की तुला ते जमलं नव्हतं.

तर आज पुसायला घेतलं. बाजूची काच काढली, ब्रशने धूळ झटकली. प्रोसेसरवर बसवलेला तो मोठा कूलर तुला आठवत असेलच, पत्र्याच्या पातळ पात्यांचे दोन ठोकळे, एक पंखा पुढे आणि एक दोन्ही ठोकळ्यांच्या मध्ये. तो पहिल्यांदा खोक्यातून काढला तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "हे काय, स्कूटरचं इंजिन आणलंत?" पुढचा पंखा काचेतून दिसतो. मधला दिसत नाही, टॉर्च मारावा लागतो. मी टॉर्च मारला, ब्रशच्या दांड्याने पातं फिरवून बघितलं. फिरेना. जरा जोर लावला. फिरेना. भुवयांचा चिमटा आणून पत्र्यांच्या फटीत घातला आणि एक दाणा ओढून काढला. मग त्याच्या खाली आणखी एक.

तांदूळ. कुंकू लावलेले. अक्षता.

मी तशीच फरशीवर बसून राहिले, उजू. किती वेळ ते सांगता येणार नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या त्या मी मोजल्या नाहीत, आणि भाताचा गोळा झाला.

आता सगळं पहिल्यापासून सांगते, कारण मला ते माझ्यापुरतंच एकदा सरळ लावून घ्यायचं आहे. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तू जेवताना जाहीर केलंस की तुला गेमिंगचा कंप्युटर हवा आहे. ट्रक चालवायचा खेळ खेळायला. सत्तेचाळीस वर्षांची बँक ऑफिसर. श्रीधरचा घास हातातच राहिला. मी म्हणाले, "तयार घे, वॉरंटीवाला." तू म्हणालीस, "नाही. भाग मी निवडणार आणि मी जोडणार." मी कांजूरमार्गच्या ऑफिसात परचेस बघते, वीस वर्षं तेच करते आहे, त्यामुळे मी म्हणाले, मग तीन कोटेशनं घेतल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा विकत घ्यायचा नाही. असे आपण लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं, "बेटा किस क्लास में है, मॅडम?" आणि तू म्हणालीस, "बेटा मैंच हूँ." तो बिचारा त्यानंतर तुझ्याशी एकदम अदबीने बोलायला लागला.

तिथेच आपलं पहिलं भांडण झालं. प्रोसेसर दोन प्रकारचे मिळतात, एक ज्याचा वेग कंपनीने ठरवून दिला तेवढाच, आणि दुसरा ज्याचा वेग आपल्याला वाढवता येतो. दुसरा महाग, आणि त्याला चालेल असा मदरबोर्डही महाग. मी म्हणाले, "ट्रक चालवायला एवढा वेग कशाला? ट्रकला कोण घाई करतं?" तू म्हणालीस, "वहिनी, तो जेवढं देऊ शकतो तेवढं मी घेणार. अर्ध्यावर चालवायला आणते का त्याला?" दुकानदार आपल्याकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी तू प्रोसेसर तुझ्या मनासारखा घेतलास, आणि वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, माझ्या मनासारखा. स्वस्तातला डबा मी घेऊ दिला नाही. बाकी काहीही एकदा चुकलं तर चालेल, पण ज्यातून वीज येते ती वस्तू चांगली हवी. हे तू नंतर चार जणांना माझं नाव घेऊन सांगितलंस, ते माझ्या कानावर आलं होतं. मी तसं दाखवलं नाही.

जोडणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाली, जेवणाच्या टेबलावर. प्रोसेसर खाचेत ठेवताना तू श्वास रोखून धरला होतास. वायरी माझ्याकडे होत्या. मी त्या एका रांगेत घेऊन, पट्ट्या लावून, अशा आवळल्या की तू म्हणालीस, "ही मशीनची मागची बाजू आहे की वेणी?" कूलरच्या दोन्ही पंख्यांसाठी मी एकच जोडवायर वापरली. बोर्डावर जागा एकच होती.

आणि वरची जाळी तू काढून टाकलीस. कॅबिनेटच्या डोक्यावर धूळ अडवायची बारीक जाळी होती. "गरम हवा वर जाते, तिला अडवायचं कशाला?" त्यात तुझं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी दसरा होता, एवढंच. शिवणयंत्र, श्रीधरची गाडी, मिक्सर यांच्याबरोबर आईंनी तुझ्या मशीनचीही पूजा केली. नवं यंत्र, त्याला आधी मान. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आपट्याचं पान ठेवलं आणि डोक्यावर अक्षता टाकल्या. त्या डोक्यावर जाळी नव्हती. हे आपल्या तिघींच्याही लक्षात आलं नाही. तू तर हात जोडून उभी होतीस, डोळे मिटून.

मग बटण दाबलंस. चालू झालं. आपण टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने चांगले गेले. तू संध्याकाळी बँकेतून यायचीस, चहा घ्यायचीस आणि ट्रकवर जायचीस. आई दारात उभ्या राहून विचारायच्या, "आज कुठे?" "जर्मनीत, आई." "थंडी असेल." "पंचवीस टन चीज घेऊन चाललेय." "मग सांभाळून." आई गंभीरपणे परत येऊन मला सांगायच्या, "उजू आज चीज घेऊन गेलीय." त्या दिवसांत घरात जितकं हसणं झालं तितकं आधीच्या पाच वर्षांत झालं नव्हतं. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आज मानते.

जानेवारीत तू वेग वाढवायला घेतलास, सुहास ज्याला ओव्हरक्लॉक म्हणाला ते. तू मला समजावलं होतंस, म्हणून मला कळतं: वेग वाढवला की प्रोसेसरला व्होल्टेज जास्त द्यावं लागतं, व्होल्टेज जास्त दिलं की तो तापतो, आणि तापला की स्वतःच मंद होतो किंवा बंद पडतो. म्हणून थोडं वाढवायचं, ताण देऊन चाचणी घ्यायची, टिकलं तर आणखी थोडं. तुझी चाचणी पहिल्या पायरीलाच पडली. तापमानाचा आकडा चढत चढत शंभराला टेकायचा आणि पडदा काळा. तू पंख्याचा वेग बघितलास, तो बरोबर दिसत होता. दिसणारच. जोडवायरीवर दोन पंखे असले की बोर्डाला एकाचाच वेग कळतो. त्याने पुढच्याचा सांगितला. मधला दसऱ्यापासून उभा होता.

"वहिनी, तुझी एखादी वायर सुटली नसेल ना?"

"माझी वायर कधी सुटत नाही."

"फार आवळल्यास गं. बघूया ना एकदा उघडून."

"तुझी हाव आहे ती. कंपनीने दिलेल्या वेगावर चालतंय ना नीट? मग?"

"मग काही नाही."

असं किती वेळा झालं. प्रत्येक वेळी शेवट तोच, 'मग काही नाही'. तुझा आवाज न चढवता भांडायचा प्रकार मला कधी आवडला नाही. ओरडली असतीस तर मी उघडलं असतं.

शेवटी एकदा मटार सोलताना तू म्हणालीस, "मूळ वेगावर आणून ठेवलं. मला जमलं नाही गं, वहिनी." तू मटारांकडे बघत होतीस. मी म्हणाले, "बरं केलंस." तुझ्याशी माझं मशीनबद्दलचं शेवटचं बोलणं हे.

आज दुपारी जेवणं झाली, आई आडव्या झाल्या, श्रीधर पेपर घेऊन हॉलमध्ये होता. मी दार लोटून घेतलं आणि मशीन चालू केलं. टॉर्च मारून बघितलं, मधला पंखा फिरत होता. मग ते निळं पान उघडलं, जिथे वेग ठरवतात आणि जिथे मी कधी हात लावला नव्हता. तुझ्या मांडण्या तिथे नाव देऊन ठेवलेल्या होत्या. दोनच. एक VAHINI, म्हणजे कंपनीचा वेग. दुसरी UJU, तुला गाठायचा होता तो वेग.

मी UJU निवडली. सगळे आकडे तुझे, तू बसवलेले. मशीन बंद होऊन चालू झालं. मी तुझी चाचणी लावली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेले, कारण नुसतं बसून बघणं मला जमलं नसतं. एक बेडशीट झाली की येऊन बघायचे. तापमान ऐंशीच्या आसपास गेलं आणि तिथेच थांबलं. सगळे कपडे संपले, इस्त्रीचे वेगळे काढून झाले, आईंचा चहा झाला. पडदा काही काळा झाला नाही. वेग पाच पॉइंट दोन गिगाहर्ट्झ. तुझा आकडा. तुझा प्रोसेसर, कूलरखाली तू लावलेली पेस्ट, तुझं गणित, सगळं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

जमलं होतं तुला, उजू.

हे ऐकायला तू नाहीस, याचा मला राग येतो. लोकांना वाटतं मी रडत नाही म्हणजे घट्ट आहे. मी रागावलेली आहे. सव्वीस वर्षं तू या घरात प्रत्येक गोष्टीत मला मध्ये घेतलंस. लग्न होऊन आले तेव्हा आईंचं म्हणणं होतं की सुनेने नोकरी सोडावी. तू विशीतली, तेव्हा मला अहो-जाहो करायचीस, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "वहिनी नोकरी सोडणार नाहीत. सकाळच्या चपात्या मी करते." वर्षभर केल्यास. भयंकर व्हायच्या. श्रीधर डब्यातल्या चपात्या ऑफिसात लपवून खायचा. पण माझी नोकरी राहिली, आणि आज जे काही माझं आहे ते त्या कच्च्या चपात्यांवर उभं आहे. त्याच्या बदल्यात तू माझ्याकडे मागितलं काय, तर एक कॅबिनेट उघडून बघूया. असो. हे उगाळून काही होणार नाही. मी चुकले असं म्हणून मोकळं व्हायला मला येत नाही, आणि अक्षता कोणालाच दिसल्या नव्हत्या हेही खरं आहे.

आता खरी अडचण. उद्या सुहास खोकी घेऊन येईल. चालणारं मशीन मी त्याला सुटं करू देणार नाही, हे ठरलं. पण 'चालतंय' म्हटलं की लगेच विचारतील, मग आधी काय झालं होतं? आणि तू मला ओळखतेस, मी आहे ते तोंडावर सांगते. भाजीवाल्यापासून श्रीधरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना सांगत आले. खरं सांगितलं तर तुझं नाव साफ होतं. सुहासने तेराव्याला चारचौघांत घातलेला डाग पुसला जातो. आणि त्याच वाक्यात आईंना कळतं की त्यांच्या हातच्या अक्षतांनी पंखा अडला होता. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांची मुलगी गेली आहे. 'माझ्या हातचं लाभत नाही' हे त्यांनी तेराव्यानंतर आणखी दोनदा म्हटलं आहे, एकदा देवासमोर आणि एकदा मला, मी त्यांच्या पाठीला तेल लावत होते तेव्हा. मशीन आणि तुझं जाणं यांचा काडीचा संबंध नाही हे मला कळतं, त्यांना नाही. त्या दोन दाण्यांवरून त्या कुठपर्यंत जातील हे मला स्पष्ट दिसतं.

गप्प बसले तर तू कायमची ती बाई होतेस जिने हाव केली आणि मशीनची वाट लावली. कुठल्याही लग्नात सुहास हे सांगेल, हसून.

संध्याकाळी आई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रोजच्या वेळेला. विचारलं काही नाही. पंख्यांचा आवाज ऐकला असावा. "चालू केलंस?" म्हणाल्या.

"पुसलं म्हणून बघत होते."

"हं." चौकटीला टेकल्या. "फार तापतं म्हणायची ती. मी दृष्ट काढायला हवी होती त्याची."

त्या गेल्यावर मी ते दोन दाणे घेतले, मोरीत टाकले आणि नळ पूर्ण सोडला. आईंना आता वाचता येत नाही आणि माझं लिहिलेलं श्रीधर कधी वाचत नाही, म्हणून इथे लिहून ठेवायला हरकत नाही. तुला तरी खरं माहीत असावं.

सोमवार. ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं. सुहास आला, दोन रिकामी खोकी आणि फिरता स्क्रूड्रायव्हर घेऊन. श्रीधर, आई, सगळे हॉलमध्ये होते. मी सगळ्यांना तुझ्या खोलीत बोलावलं. श्रीधर उंबऱ्याशी अडला. मी म्हणाले, "ये. तुझ्या बहिणीचं काम आहे, बघायला नको?" तो आला.

चाचणी मी आधीच लावून ठेवली होती. सुहासने पडद्याकडे बघितलं, मग वाकून बघितलं. "पाच पॉइंट दोन? वहिनी, हे नुसत्या एअर कूलरवर? आणि तापमान एवढंच?"

"एवढंच."

"मग जानेवारीत काय झालं होतं?"

आई माझ्याकडे बघत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"माझी वायर सुटली होती," मी म्हणाले. "मधल्या पंख्याची. जोडणी मीच केली होती, नीट खोचली नाही. काल पुसताना दिसलं. उजूने केलेलं सगळं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून."

मग सुहास म्हणाला, "च्यायला. आणि मी तेराव्याला काय काय बोललो."

"बोललास. आता ज्यांच्यासमोर बोललास त्यांना फोन करून हेही सांग. माझं नाव घालून सांग."

"तरी ती म्हणत होती," आई एकदम म्हणाल्या. आवाज चढला होता, कितीतरी दिवसांनी. "मी ऐकलंय माझ्या कानांनी. वायर बघ, वायर बघ म्हणत होती पोरगी. तुझा हेका. माझी वायर सुटत नाही म्हणे!"

"हो, आई."

"उघडून बघायला काय झालं होतं?"

"चुकलं माझं."

श्रीधरने माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्याने हे वाक्य माझ्या तोंडून ऐकलेलं नाही. त्याला काहीतरी कळलं असावं, कारण तो मागच्या वायरींकडे बघायला लागला. माझ्या पट्ट्या तिथे तशाच होत्या, एकही न तोडलेली, आणि तोडल्याशिवाय त्यांतली वायर हलवता येत नाही. त्याने एका पट्टीवरून बोट फिरवलं, काही विचारलं नाही, आणि पहिल्यांदाच तुझ्या खुर्चीवर बसला.

आई मला अजून बोलतच होत्या. मी सुहासची खोकी दाराबाहेर ठेवली आणि सगळ्यांसाठी पोहे भिजवायला गेले.